पायथ्याच्या दयाबाई

कोल्हारच्या दयाबाई पगारेंना जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या डोंगरांचे पायथे पाठ होते. माथा मात्र एकाचाही ठाऊक नव्हता.

खोटं वाटत असेल तर विचारून बघा. कळसूबाईखाली बारी गावात कुठल्या झाडाची सावली दुपारी दोनपर्यंत टिकते, ते सांगतील. रतनवाडीला पाण्याचा नळ कुठं आहे, पाचनईला कुठल्या घरची म्हातारी मुलींना मोरी वापरू देते, निघोजला पिशव्या नदीच्या अंगाला का ठेवायच्या नाहीत, सगळं तोंडपाठ. आणि वर काय आहे म्हणून विचारलंत, तर चष्मा काढतील, पदराला पुसतील आणि म्हणतील, "ते तुम्ही पोरांना विचारा बाबा."

दया दोन वर्षांची असताना तिला ताप भरला. चार दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय काही पुन्हा उठला नाही. पोलिओ. वडील शलमोन सुतारकाम करायचे. त्यांनी बाभळीच्या लाकडाची कुबडी केली, खालच्या टोकाला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला आणि पोरीला उभं केलं. आई ग्रेस, धाकटा भाऊ जस्टिन, दोन खोल्यांचं घर, रविवारी चर्च. लाडाकोडात वाढली म्हणता येणार नाही, पण हिडीसफिडीसही कुणी केली नाही.

पाचवीत असताना शाळेची सहल निघाली, जवळच्याच एका डोंगरावर. पायथ्याला एसटी थांबली, पोरं टणाटण उतरली आणि दया दाराशी उभी राहिली. गुरुजींना दोन मिनिटं काही सुचेना. मग ते खाली वाकून म्हणाले, "दया, सगळ्यांचे डबे अन् दप्तरं तुझ्याकडं. ही मोठी जबाबदारी हाय बरं का. मॉनिटरपेक्षा मोठी!"

आता त्या गुरुजींना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. माणूस भला होता, पोरीचं मन राखायला बघत होता. आणि पोरगी तरी काय, हरखूनच गेली! बेचाळीस डबे ओळीनं लावून, कुबडी आडवी घेऊन बसली. एका कुत्र्याला तिनं तीन वेळा पिटाळलं. संध्याकाळी गुरुजींनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि घरी आल्यावर तिनं आईला तीच गोष्ट चार वेळा सांगितली. डोंगरावर काय होतं, हे आईनं विचारलंच नाही आणि पोरीच्याही ते ध्यानात आलं नाही.

तिथून जी सुरुवात झाली ती झाली. कॉलेजची सहल असो, चर्चच्या महिला मंडळाची पिकनिक असो, कुणाच्या लग्नात दुपारी पाहुण्या देवदर्शनाला जायच्या असोत, दया म्हणजे पिशव्या आणि पिशव्या म्हणजे दया. तिला कुणी टाळलं असं म्हणता यायचं नाही. तिला कामाला लावलं. आणि कामाला लागलेल्या माणसाला कोण विचारतं हो, की बाई, तुला यायचंय का?

पुढं त्या एका हायस्कुलात क्लार्क म्हणून लागल्या. एकतीस वर्षं नोकरी केली. शिकवत नव्हत्या, पण पोरं शाळेतल्या कुठल्याही बाईमाणसाला बाईच म्हणतात, तशा त्या दयाबाई झाल्या. सहलीला मुली असल्या की बरोबर बाईमाणूस लागतं. बाकीच्या शिक्षिकांना घरी लेकरं, सासवा, पाहुणे. दयाबाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी मागणी घातली नव्हती, हे जास्त खरं. मग दरवर्षी मुख्याध्यापक टेबलापाशी यायचे. "दयाबाई, यंदाही तुम्हीच हं!"

दयाबाईंचं काम मात्र बघण्यासारखं. हिरव्या चौकड्यांची एक जाड चादर होती त्यांची, फक्त सहलीची. ती अंथरायची, इयत्तेप्रमाणे पिशव्या लावायच्या, मुलींच्या कानातलं-गळ्यातलं रुमालात बांधून स्वतःच्या पर्समध्ये ठेवायचं. माकडं आली तर कुबडी दोनदा दगडावर आपटायची. एकतीस वर्षांत एक टोपीसुद्धा हरवली नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

पोरं वरून उतरली की त्या विचारायच्या, "काय होतं रे वर?"

"लई भारी होतं, बाई!" एवढं बोलून पोरं डब्यांवर तुटून पडायची. लई भारी म्हणजे काय, हे सांगायला कुणाला वेळ होता?

बाकीच्या डोंगरांचं एक वेळ सोडा. कळसूबाई चढायला धडधाकट माणसं फेस गाळतात, तिथं दयाबाईंना हळहळ नव्हती. पण उंबरकडा! नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या पलीकडं, सह्याद्रीच्या अगदी काठावरची ही जागा. गाडीतळापासून कडा उणापुरा सहाशे फुटांवर. वाट दगडगोट्यांची, मधे चार-पाच कातळाच्या पायऱ्या, बस्स. पण मधे एक उंचवटा आहे आणि गाडीतळावरून त्याच्यापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. पोरं रांगेनं त्या उंचवट्यावर चढायची, त्यांची डोकी आभाळात दिसायची आणि पलीकडं उतरून गायब व्हायची. मग नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. आनंदाचा. दयाबाई खाली उंबराच्या झाडाखाली बसून तो ऐकायच्या. शाळेची सहल उंबरकड्याला अकरा वेळा गेली. अकरा वेळा त्यांनी तो आरडाओरडा ऐकला.

एका वर्षी कवायतीचे मास्तर म्हणाले, "बाई, चला की. दोन पोरं धरतील, मी धरतो. नेतो तुम्हाला."

दयाबाईंच्या काळजात लख्ख झालं. पण तोंडातून काय निघालं? "नको हो सर. माझ्यामुळं सगळ्यांचा खोळंबा."

"बरं," म्हणाले मास्तर, आणि गेले. माणसं 'नको' किती पटकन ऐकतात! पुन्हा त्यांनी विचारलं नाही आणि दयाबाईंनीही विषय काढला नाही. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

गेल्या वर्षी मे महिन्यात दयाबाई रिटायर झाल्या. त्याच पावसाळ्यात आई गेली. शेवटची सहा वर्षं आई अंथरुणावरच होती, तिचं सगळं दयाबाईंनीच केलं. ती गेली आणि घर असं शांत झालं की पाण्याच्या टाकीत थेंब पडला तरी दचकायला व्हायचं. जस्टिन पिंपरीला. दर रविवारी चर्च सुटल्यावर त्याचा फोन यायचा. "ताई, जेवलीस का? बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं की झालं. सोमवार ते शनिवार फोन वाजला तर तो कुठल्यातरी कर्जाच्या जाहिरातीचा. दयाबाई त्या पोरीशीसुद्धा दोन मिनिटं बोलायच्या.

त्यात उजवा खांदा दुखायला लागला. पन्नास वर्षं सगळा भार त्याच खांद्यानं वाहिला होता. डॉक्टर म्हणाले, "आता हा खांदा थकला, बाई. वर्षभर कुबडी चालेल, फार तर दीड वर्ष. मग व्हीलचेअरची सवय करावी लागेल." दयाबाईंनी मान डोलावली, बाहेर येऊन रिक्षा बघितली आणि रिक्षात बसल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? उंबरकडा. म्हणजे आता राहिलंच ते, असं आलं. आणि त्यांचे डोळे भरले.

ऑक्टोबरात अश्विनीचा फोन आला. अश्विनी ही त्यांच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी. आता नगरच्या एका संस्थेत काम करते. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, अशा माणसांना डोंगर-जंगल दाखवायला नेणारी ती संस्था.

"बाई, उंबरकड्यावर रॅम्प झालाय!" पोरगी फोनवर ओरडतच होती. "गाडीतळापासून थेट कड्यापर्यंत. आमची संस्था आणि तिथले गावकरी मिळून केलाय. चढ अगदी हलका, दर तीस फुटांवर थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूंनी कठडे. व्हीलचेअर सरसर जाते. पहिली सहल पुढच्या शनिवारी. चौदा माणसं. तुम्ही यायचंच!"

"मला गं?" दयाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला म्हणजे काय! तुम्हीच तर पाहिजे."

आठवडाभर त्यांना नीट झोप लागली नाही. डाव्या पायाला आधाराला बांधायच्या कॅलिपरचे पट्टे तेल लावून मऊ केले. खांद्याला दोन वेळा मलम चोळलं. शुक्रवारी पिशवी भरताना कपाटातली हिरव्या चौकड्यांची चादर कधी आत गेली, त्यांनाही कळलं नाही. सहल म्हटलं की चादर. हात आपोआपच गेला.

शनिवारी सकाळी सातला कोल्हारच्या स्टँडसमोर बस आली. मागच्या बाजूला व्हीलचेअर वर घ्यायची फळी असलेली बस. शेजारची जागा आक्काबाईंची होती. आक्काबाई श्रीगोंद्याकडच्या. उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला त्याला आठ वर्षं झाली होती. भारी बोलकी बाई. "म्या तर घराच्या उंबऱ्याभाईर आठ वर्सांत दवाखाना सोडून कुटंच गेल्ते न्हाई," त्या म्हणाल्या. "लेक म्हनला, आई, तिकडं काय ठिवलंय? म्या म्हनलं, काय का असंना, बगू तर दे!" पुढच्या बाकावर घोडेगावचे छगनराव. जन्मापासून डोळ्यांनी अधू, पण गुरांच्या बाजारात बैलाच्या अंगावरून नुसता हात फिरवून वय सांगणारे. "आवो, कडा बगायला डोळं कशाला लागत्यात?" छगनराव म्हणाले. "वारं कुटनं येतंय ते कळलं की झालं." सगळी बस हसली. दयाबाई पण हसल्या. इतकी माणसं, आणि कुणीच कुणाच्या पायाकडं बघत नव्हतं.

राजूरला जेवणं झाली. पावणेतीनला बस उंबरकड्याच्या गाडीतळावर पोचली. तेच उंबराचं झाड, तोच उंचवटा. फक्त दगडगोट्यांच्या जागी आता करडा, गुळगुळीत रॅम्प नागमोडी वळत वर गेला होता.

आणि मग जे झालं, ते कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

बसमधून माणसं उतरत होती. खुर्च्या खाली घेणं, ब्रेक लावणं, कुणाची काठी, कुणाचा चष्मा, नुसता गोंधळ. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या. औषधं, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर. आक्काबाई म्हणाल्या, "ही थैली कुटं ठिवू गं? चाकात जाती सारकी."

"द्या इकडं," दयाबाई म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं."

बस्स, इतकंच. शब्द तोंडातून गेला तेव्हा हातानं चादर अंथरूनही झाली होती. उंबराखाली, नेहमीच्या जागी. एकानं पिशवी दिली, मग दुसऱ्यानं दिली. "माझी पण ठेवा हो ताई." "ही निळी माझी बरं का." दयाबाई घेत गेल्या, लावत गेल्या. अश्विनी धावत आली, एका हातात व्हीलचेअर, कानाला फोन. तिनं खांद्यावरची सॅक काढून ढिगावर ठेवली. "बाई, ही पण!" म्हणाली आणि गेली. तिला त्यात काही खटकलं नाही. कसं खटकणार? पाचवीपासून दहावीपर्यंत तिनं दयाबाईंना दुसऱ्या कुठल्या रूपात पाहिलंच नव्हतं.

रांग लागली. चाकं रॅम्पवर चढली. छगनराव एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. उंचवट्यावर एकेक डोकं दिसलं आणि पलीकडं गेलं. शेवटचं अश्विनीचं.

दयाबाई चादरीच्या कडेला दगडावर टेकल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

आधी त्यांना हसूच आलं. अगं बाई, हे काय करून बसले मी! आता येईल कुणीतरी. वर गेल्यावर अश्विनी मोजेल, चौदातलं एक कमी भरेल, धावत येईल पोरगी. दयाबाईंनी साडी सारखी केली, कुबडी हाताशी घेतली, तयार होऊन बसल्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. वरून आरडाओरडा ऐकू आला. आनंदाचा. बाईमाणसाचा आवाज सगळ्यात वरचढ, तो आक्काबाईंचा असणार. दयाबाई उंचवट्याकडं बघत राहिल्या. आभाळात कुणाचं डोकं येतंय का, बघत राहिल्या. कुणी येईना.

हाक मारता आली असती. पर्समध्ये मोबाईल होता. फोन करून म्हणता आलं असतं, अगं, मी खालीच राहिले. पण ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं? चौदा माणसांत आपण नाही, हे आपणच फोन करून कळवायचं? त्यांना ते जमेना. कुणाच्यातरी लक्षात यायला हवं होतं. एवढंच हवं होतं त्यांना, आणि तेच होत नव्हतं. जगात आपण नाही म्हणून कुठंही काही अडत नाही, असं त्यांना त्या झाडाखाली वाटलं आणि ते वाटणं फार वाईट होतं.

चार वाजून गेले. माकडं आली. एक दांडगा हुप्प्या सरळ अश्विनीच्या सॅककडं निघाला. दयाबाईंनी सवयीनं कुबडी उचलली, दगडावर एकदा आपटली आणि दुसऱ्यांदा आपटायला वर केलेला हात तसाच राहिला.

"काय करतेय मी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. माकडानं त्यांच्याकडं बघितलं. "अठ्ठावन्न वर्षांची घोडी झाले आणि माकडं हाकतेय!"

ड्रायव्हर टपरीवर चहाला गेला होता. आसपास दुसरं कुणी नव्हतं. दयाबाईंनी चादरीची टोकं उचलून पिशव्यांवर टाकली, वर चार धोंडे ठेवले. एवढ्यानं माकडं थांबत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्या निघाल्या. पाठीमागं बघितलं नाही.

रॅम्प खरंच चांगला होता. बांधणाऱ्यानं जीव ओतला होता. कुबडी घसरत नव्हती, कठडा बरोबर हाताच्या उंचीवर. पण सहाशे फूट ते सहाशे फूट. पहिल्या दोन सपाट जागांपर्यंत त्या बऱ्या गेल्या. मग खांदा ठणकायला लागला. तिसऱ्या जागी थांबल्या, पाणी प्यावं म्हटलं तर बाटली खाली. चौथ्या जागी पोचल्या तेव्हा वरून चाकांचा आवाज आला. मंडळी परत निघाली होती.

रॅम्प एका खुर्चीपुरताच रुंद. दयाबाई कठड्याला चिकटून, पोट आत घेऊन उभ्या राहिल्या. पुढं अश्विनी, चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झालेला. दयाबाईंना बघून ती थबकली.

"अरे, बाई! बॅगा कोणाकडं?"

असं म्हणाली हो पोरगी. तिच्या मनात पाप नव्हतं, पण असंच म्हणाली. दयाबाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. मागच्या खुर्चीवरनं कुणीतरी विचारलं, "ताई, माझी निळी पिशवी ठीक हाय ना? गोळ्या हायेत त्यात." आणखी कुणीतरी म्हणालं, "बाई, खाली कुणी थांबलंय का?" एकेक खुर्ची अंगाला घासून जात होती आणि जो तो पिशवीचं विचारत होता.

सगळ्यात शेवटी छगनराव आले आणि थांबले. त्यांनी मान तिरकी केली. "ह्या कोल्हारच्या ताई का? म्या वर मगाशी म्हनलं ह्यास्नी, कुबडीचा आवाज कुटं येत न्हाई. कुनी ध्यानच दिलं न्हाई माज्याकडं."

खालच्या वळणावरून आक्काबाईंनी मान वळवली. "अगं बाय! तू वर आलीच न्हाईस व्हय? एवडा येळ बसून ऱ्हायलीस?" आणि त्या एकदम रडायलाच लागल्या.

अश्विनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाई, मला... मी कशी... बाई, आपण पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ. तुमच्यासाठी खास. आता पाचाला निघायचंय, घाट अंधार पडायच्या आत उतरायचाय. पुढच्या महिन्यात नक्की."

दयाबाईंच्या जिभेवर आलं होतं. 'चालेल गं, राहू दे. माझ्यामुळं खोळंबा नको.' तोंडात तयारच असायचं ते. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुम्ही व्हा खाली," त्या म्हणाल्या. "मी बघून येते."

"मी येते तुमच्याबरोबर."

"नको. एवढ्या माणसांना बसमध्ये कोण घेणार? जा तू." आवाज जरा चढलाच त्यांचा. अश्विनीनं तो आवाज शाळेतसुद्धा कधी ऐकला नव्हता. ती मुकाट्यानं गेली.

उरलेला रॅम्प दयाबाई एकट्याच चढल्या. किती वेळा थांबल्या, याचा हिशेब नाही. उंचवटा ओलांडला तेव्हा ब्लाउज घामानं चिंब झालं होतं आणि खांद्यातून कळा येत होत्या. पुढं एक लाकडी बाक, त्यापुढं छातीइतका कठडा. त्यांनी कठड्याला धरलं आणि बघितलं.

डोंगरांच्या चित्रांत असतात तसे ढग नव्हते, धबधबा नव्हता. स्वच्छ ऊन, पिवळं पडत चाललेलं गवत, आणि मग जमीन एकाएकी संपलेली. खाली, कुठल्या कुठं खाली, कोकण. भाताची खाचरं, चार कौलारू घरं, वळणं घेत गेलेली नदी. वारा खालून वर येत होता आणि पदर तोंडावर उडवत होता. एक घार गोल गोल फिरत होती, त्यांच्या पायांच्याही खाली. तिची तपकिरी पाठ दिसत होती, पंखांवरची पिसं दिसत होती. आजपर्यंत दयाबाईंनी घारीचं नुसतं पोट पाहिलं होतं.

"अगं, ती बघ!" त्या म्हणाल्या आणि शेजारी वळल्या. शेजारी कुणी नव्हतं.

मग त्यांना राग आला. सहाशे फूट! घरापासून चर्चपर्यंतसुद्धा याहून जास्त अंतर. एवढं हे सगळं इथं होतं आणि आपण अकरा वेळा याच्या खाली बसून डबे राखले? चार पोरांनी उचललं असतं तर दहा मिनिटांचं काम. कुणाला वाटलं नाही? एकाला तरी वाटायला हवं होतं! मग मास्तरांचं आठवलं. एकाला वाटलं होतं. आणि आपण काय म्हणालो? कुणाला दोष देणार? मला वर जायचंय, हे तीन शब्द आपण आजवर एकदाही, एकाही माणसाला म्हटले नाहीत. आईलासुद्धा नाही. दयाबाई बाकावर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं आवाज दाबायची गरजही नव्हती.

पर्समध्ये फोन वाजला. अश्विनी.

"बाई, झालं का बघून? सव्वापाच झाले. ड्रायव्हर ओरडतोय, अंधारात घाट नको म्हणतोय." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाई, माकडांनी माझी सॅक फाडली. आक्काबाईंचा लाडवांचा डबा पण नेला."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दयाबाईंनी फोन कानाला घट्ट धरला. आता 'माफ कर गं' म्हणायचं, लगबगीनं उठायचं, हे त्यांना कळत होतं.

"सूर्य बुडाला की येते," त्या म्हणाल्या.

"बाई, पण सगळे थांबलेत हो तुमच्यासाठी."

"थांबू देत," दयाबाई म्हणाल्या. "मी थांबलेच की इतकी वर्षं."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. खालून हॉर्न वाजला, आधी एकदा, मग लांबलचक. हात कुबडीकडं गेलाच. मग तो त्यांनी परत मांडीवर ठेवला. घार अजून खालीच फिरत होती, आणि सूर्य बुडायला चांगला पाऊण तास होता.